सर, बर्फाचं तेवढं सांगा

…नाही, पण मला एक सांगा, माणूस शाळेत कशाला जातो? शिकायलाच ना? म्हणजे समोर कोणीतरी उभं असणार, त्यांना येत असणार, आपल्याला येत नसणार, ते सांगणार, आपण ऐकणार, वहीत उतरवून घेणार आणि घरी जाणार. एवढा साधा व्यवहार. मग एका संध्याकाळी, दिवसभर बेकरीच्या भट्टीसमोर शेकून निघालेल्या माझ्यासारख्या माणसाला, दोन्ही हात वर करून, भर वर्गात, झाड म्हणून का उभं केलं? आणि साधं झाडसुद्धा नाही हो... फ्रेंच झाड, कारण विज्ञान आणि फ्रेंच एकाच तासाला. म्हणजे आमच्या वर्गातले ड्रायव्हरकाका हातात टॉर्च घेऊन सूर्य झालेले, शिवणकाम करणाऱ्या मावशी बादली घेऊन पाणी झालेल्या, मी मधे उभा, आणि काकांनी माझ्या तोंडावर टॉर्च मारला की मी फ्रेंचमधून म्हणायचं, 'मला ऊन मिळालं, धन्यवाद.' झाडं धन्यवाद म्हणतात? कुठल्या देशातली म्हणतात? विचारलं मी. हळूच विचारलं, पण विचारलं. तर विज्ञानाचे सर गोड हसले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "छान प्रश्न. तुला काय वाटतं?"

हे. हे ऐकलं ना, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तुला काय वाटतं. अहो, मला काय वाटतं ते कळायला लागलं असतं तर मी तुमच्या दारात आलो असतो का? पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि डॉक्टर म्हणाला, 'छान. तुम्हाला काय वाटतं, अपेंडिक्स असेल का? या, आपण गटात बसून शोधू या,' तर चालेल तुम्हाला? सरळ सांगा ना हो. येतंय ना तुम्हाला? मग सांगा.

तुम्हाला सांगतो, मी तसा बोलणारा माणूस नाही. बेकरीत मी मागे असतो, भट्टीकडे. पीठ मळायचं, गोळे तोडायचे, ट्रे आत, ट्रे बाहेर. पुढे कौंटरवर मालक असतात, गिऱ्हाइकांशी काय बोलायचं ते तेच बोलतात. मला ते फार बरं वाटतं. पीठ कधी विचारत नाही, कसा आहेस, काय चाललंय, लग्नाचं काय. दिवसाकाठी मी जेवढं बोलतो तेवढं तर आमची वहिनी नुसता दूधवाला आला तरी बोलते. आणि हीच वहिनी, माझ्या दादाची बायको, एक दिवस म्हणाली, "भावोजी, संध्याकाळची शाळा निघालीय काम करणाऱ्यांसाठी. अर्धवट राहिलंय ना तुमचं? जा की. मागच्या बाकावर बसा, कोणी विचारणार नाही."

मागच्या बाकावर बसा, म्हणाली. कोणी विचारणार नाही, म्हणाली.

आता ते अर्धवट काय राहिलं होतं, तेही सांगतो. मी सातवीत होतो. आमच्या मास्तरांनी फळ्यावर खडूनं एक ग्लास काढला, त्यात पाणी काढलं, पाण्यावर बर्फाचा चौकोनी तुकडा काढला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळ्या वस्तू थंड झाल्या की आक्रसतात, जड होतात. मग पाणी गोठून झालेला हा बर्फ पाण्यात बुडायला हवा. बुडतो का? नाही. का बुडत नाही?" आणि घंटा झाली. मास्तर म्हणाले, "उद्या सांगतो." त्या संध्याकाळी बाबा बेकरीत चक्कर येऊन पडले, त्यांचा उजवा हात कायमचा गेला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी मी उभा. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं असणार हो. सगळ्या वर्गाला सांगितलं असणार. मलाच तेवढं राहिलं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय. बरोबर आहे. पण कोणी सरबताचा ग्लास पुढे केला की सगळे सरबत बघतात, मी बर्फ बघतो. कुणाला विचारायची लाज वाटते. एवढा मोठा माणूस, आणि बर्फाचं विचारतो. म्हणून म्हटलं, शाळेत जाऊ. शाळेत विचारायला लाज कसली? तिथे सांगायलाच बसलेले असतात.

कसलं काय. पहिल्या दिवशी गेलो तर वर्गात मागचा बाक नाही. पुढचाही नाही. बाकच नाहीत! सगळे बाक बाहेर काढून जिन्याखाली रचून ठेवलेले आणि वर्गात सतरंजीवर माणसं गोल करून बसलेली. गोलाला मागची बाजू असते का? मी तिथे दारात उभा राहून मागची बाजू शोधत होतो. तेवढ्यात फ्रेंचच्या मॅडमनी मला बॉल फेकून मारला. छातीवर आला तो. "झेला, झेला. ज्याच्याकडे बॉल येईल त्यानं आपलं नाव फ्रेंचमधून सांगायचं." अहो, मला चारचौघांत माझं नाव माझ्या भाषेतून सांगताना घाम फुटतो. मी तो बॉल तसाच ड्रायव्हरकाकांकडे दिला, जळता पत्रा हातात आल्यासारखा. आणि ड्रायव्हरकाका... त्यांचं काय सांगू. जन्मभर शाळेची पायरी नीट चढले नाहीत, पण नाटकात घातले असते तर नाव काढलं असतं. उभे राहिले, कमरेत वाकले, अख्खं वाक्य नाकातून म्हणाले, वर मॅडमना नमस्कार. टाळ्या! आणि मग माझ्याकडे वळून सगळ्यांदेखत, "काय पाववाले, लाजता काय एवढे? मॅडम, ह्यांना भट्टीतून काढा जरा, कच्चे राहिलेत." हसले सगळे. मॅडमसुद्धा.

तरी मी गेलो. रोज गेलो. का? बर्फासाठी. म्हटलं, आज ना उद्या विज्ञानाचा तास येईल, सर फळ्याकडे वळतील, खडू हातात घेतील. फळा होता वर्गात. पण त्यावर रंगीत कागदाची फुलं चिकटवलेली, नि मधोमध लिहिलेलं, 'हसत-खेळत शिकू या'. म्हणजे लिहायला जागाच नाही. शेवटी एक दिवस सगळा धीर गोळा केला आणि विचारलं. "सर, ते बर्फाचं... बर्फ पाण्यावर का तरंगतो?"

सरांचा चेहरा असा उजळला, मला वाटलं, आता सांगतात. सांगतायत काय. टाळी वाजवली आणि म्हणाले, "अरे वा. चला, टब आणा." दोन टब आले, बर्फ आला, दगड आले, बटाटे आले, मावशींनी आपलं बटण टाकलं, ड्रायव्हरकाकांनी गाडीची किल्ली टाकली आणि मग तीच शोधत बसले. गट पडले. दोन बर्फाच्या तुकड्यांची शर्यत लागली, एकाला काका फुंकर घालतायत, दुसऱ्याला मावशी, माझ्या पँटवर पाणी. आणि शेवटी सर म्हणाले, "काय दिसलं?" सगळे एका सुरात, "बर्फ तरंगतो."

अहो, तरंगतो हे मला माहीत होतं हो! का तरंगतो?

"तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, थंड असतो म्हणून? "व्वा." मावशी म्हणाल्या, आत हवा असेल. "सुंदर." काका म्हणाले, पाण्याचाच मुलगा तो, पाणी त्याला कसं बुडवेल? "क्या बात है." सगळ्यांची उत्तरं रंगीत चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला टाचली. खाली सगळ्यांची नावं. मी वाट बघतोय, आता त्यातली बरोबर कुठली ते सांगतील, निदान चुकीच्यांवर काट मारतील. तर सर म्हणाले, "प्रत्येक विचार मोलाचा आहे," आणि सुटी झाली. अजून आहेत त्या चिठ्ठ्या भिंतीवर. 'थंड असतो म्हणून', खाली माझं नाव. चूक की बरोबर, देव जाणे. चूक असेल तर ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलीय माझी. सरळ सांगा ना हो.

आणि ती पेशी. तुम्हाला सांगतो, पेशी म्हणजे आपलं अंग ज्याचं बनलंय तो बारीक कण. आता ते चित्र काढून दाखवलं तर काय बिघडतं? नाही. "घरून पिठाची पेशी करून आणा. मधे केंद्रक, बाजूला छोटे छोटे अवयव, बाहेरून पटल." अहो, मी दिवसभर पीठच मळतो. पिठातून जरा सुटका व्हावी म्हणून मी शाळेत येतो. आणि इथे पुन्हा पीठ. तरी केली. जेवणाच्या सुटीत बेकरीतलाच एक गोळा घेतला, मधे गोल केंद्रक, भोवती लांबट गोळ्या, कडेनं पटल वळलं, चांगली झाली हो, स्वतःच्या हातानं केलेली म्हणून सांगत नाही. वाळायला ट्रेवर घालून ट्रे भट्टीच्या कठड्यावर ठेवला. आता चूक कुठे झाली बघा. आमच्याकडे त्या कठड्यावर जो ट्रे ठेवला जातो, तो आत जातो. त्यात काय आहे ते कोणी बघत नाही. हात उचलतो, भट्टीत सारतो. माझाच हात. माझ्याच हातानं मी माझी पेशी आत सारली आणि दुसरे गोळे तोडत बसलो. आणि पीठ बेकरीचं, त्यात यीस्ट, ते फुगणार. बाहेर काढेपर्यंत केंद्रक असं टम्म फुगलेलं, वर सोनेरी रंग आलेला. मी डोक्याला हात लावतोय तोवर पोऱ्यानं ट्रे पुढे नेला, मालकांनी काचेत मांडला आणि एका बाईंनी माझी पेशी विकत घेतली.

वर दुसऱ्या दिवशी परत आल्या. "ते मधे डोळ्यासारखं होतं ना, ते आहे का आज?" मालक मागे येऊन म्हणाले, "काय रे होतं ते? रोज करत जा."

शाळेत सर म्हणाले, "तुझी पेशी?" मी म्हटलं, "सर, विकली गेली. खाल्ली असेल आता." मला वाटलं रागावतील. मी तर म्हणतो, रागवायलाच हवं होतं, रागावले असते तर बरं वाटलं असतं, शाळेत असल्यासारखं. तर सर टाळी वाजवून म्हणाले, "म्हणजे एका पेशीनं दुसऱ्या पेशी जगवल्या. तुला काय वाटतं, पुढे काय झालं असेल?"

पचली असेल, सर. पुढे काय होणार.

पण हे सगळं परवडलं, असं म्हणायची वेळ आणली त्या फ्रेंचच्या परीक्षेनं. परीक्षा म्हणजे पेपर? छे. पेपर असता तर मी पाठ केला असता, पाठांतराला मी कधी नाही म्हटलं नाही. मॅडम म्हणाल्या, "वर्गात बाजार भरवायचा. प्रत्येकाचं एक दुकान. बाहेरून तपासायला एक बाई येतील, त्या गिऱ्हाईक होतील, सगळं फ्रेंचमधून. मावशी, तुम्ही कापडवाल्या. काका, तुम्ही फळवाले." आणि माझ्याकडे बोट करून, अगदी लाडानं, "आणि तुम्ही... पाववाले!"

ऐका जरा. मी खरा पाववाला आहे. पहाटेपासून मी पावच करतो. तिथे मी मागे असतो, तोंड उघडावं लागत नाही. आणि संध्याकाळी मी शिकायला म्हणून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो, तर मला तिथे पाववाला करतात आणि वर कौंटरवर उभा करतात. खोट्या कौंटरवर, खोटा पाव, पुठ्ठ्याचा. आणि बोलायचं फ्रेंच. मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, फ्रेंचमधून काय बोलतात पाववाले, तेवढं सांगता का? पाठ करतो." मॅडमनी फ्रेंचमधून मला उत्तर दिलं, "तुम्हाला काय वाटतं?" हे वाक्य तेवढं मला फ्रेंचमध्ये पक्कं येतं. दुसरं काही येवो न येवो. सर आणि मॅडम दोघांनी मिळून इतक्यांदा घातलंय ते कानात.

आल्या त्या बाई. चष्मा, हातात पेन. काकांनी आधी त्यांना केळी विकली, गाणं म्हणून विकली. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पुठ्ठ्याचा पाव उचलला आणि फ्रेंचमधून काहीतरी विचारलं. शेवटी सूर वर गेला म्हणून कळलं, प्रश्न आहे. माझं अंग गार. आणि तोंडातून एकच वाक्य निघालं, जे होतं ते. "तुम्हाला काय वाटतं?" नाकातून.

त्या थांबल्या. पाव दाबला. हुंगला. हसल्या. काहीतरी म्हणाल्या, बहुतेक ताजा वाटतोय म्हणाल्या. मग पुन्हा सूर वर, बहुतेक भाव विचारला. मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी भाव सांगितला. मी गप्प राहिलो, कारण मला काही कळलंच नव्हतं. त्यांनी आपणच वाढवला. मी पुन्हा गप्प. पुन्हा वाढवला. शेवटी पुठ्ठ्याचा तो पाव त्या इतक्या खुशीत घेऊन गेल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "तुमचा हा विद्यार्थी फार तयार आहे. काय आत्मविश्वास. घासाघीस कशी करतो."

पास. वर्गात पहिला. फ्रेंचच्या एका वाक्यावर. सर म्हणाले, "बघ, तुला शिकवावं लागलंच नाही." मग मी काय म्हणतोय इतके दिवस? नाहीच ना शिकवलं! मला रडू येत होतं रागानं आणि हे लोक टाळ्या वाजवतायत, आणि मला येत काही नाही, आणि बर्फ अजून तरंगतोयच.

आणि एवढ्यावर भागतंय? ड्रायव्हरकाका दुसऱ्या दिवशी बेकरीत चहाबरोबरचा पाव न्यायला आले आणि सगळं मालकांना मीठमसाला लावून सांगितलं. "अहो, तुमचा हा मुका माणूस परदेशी बाईला पुठ्ठा विकून आला." मालकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी इतकी वर्षं त्यांच्यापासून काही लपवून ठेवलं होतं. म्हणाले, "उद्यापासून पुढे उभा राहा." संपलं. भट्टी सुटली. कौंटर. दिवसभर माणसं. 'हा कालचा का?' 'मऊ आहे का?' 'सुटे नाहीत का?' मी म्हटलं, शिकून काय मिळालं, तर हे. शिकायला गेलो नसतो तर मागे सुखात असतो.

आणि परवा, भर गर्दीच्या वेळी, मागे रांग लागलेली, समोर कोण? सर. घाईत. "एक पावाचं पुडकं दे पटकन, घरी पाहुणे आलेत." मी पुडकं काढलं, कागदात बांधलं, पुढे केलं... आणि मला काय झालं कोण जाणे. हात सोडेना. त्यांनी एक टोक धरलेलं, मी एक. म्हणालो, "सर, बर्फाचं तेवढं सांगा."

"अरे हो," सर हसले, मान तिरकी झाली, "छान आठवण ठेवलीस. तुला काय..."

"सर, तेवढं सोडून. मला काही वाटत नाही. तुम्हाला माहीत आहे ते सांगा. नाहीतर पाव मिळणार नाही."

हे मी बोललो. मी! आणि हात सुटला नाही. रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "काय अडलंय पुढे?" त्यांच्यामागचा म्हणाला, "कसलं तरी बर्फाचं सांगत नाहीयेत." आजी म्हणाल्या, "अहो मग सांगून टाका की, माझा गॅसवर चहा आहे." मागून आणखी आवाज, "सांगा हो सर, अडवून काय धरताय लोकांना." म्हणजे बघा, पाव मी अडवलेला, आणि बोलणी सर खातायत.

आणि सरांनी सांगितलं. अगदी सरळ सांगितलं. म्हणाले, "पाण्याचे कण असतात, अगदी बारीक. पाणी पातळ असतं तेव्हा ते दाटीवाटीनं, धक्काबुक्की करत असतात. गोठलं की ते एकमेकांचे हात धरून ठरलेल्या जागी उभे राहतात, हातभर अंतरानं. मधे मोकळी जागा राहते. म्हणून तेवढंच पाणी बर्फ झालं की जास्त जागा घेतं, आकारमानाच्या मानानं हलकं होतं, आणि तरंगतं. कळलं?"

अहो, पुडकं बांधायला लागतो तेवढ्या वेळात सांगून झालं. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी टब, बटाटे, किल्ली, माझी पँट. मी म्हटलं, "हो सर, कळलं." हात सोडला. सर गेले. आजींचा चहा वाचला. मला असं हलकं वाटलं, इतक्या वर्षांचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं.

साधारण आणखी दोन गिऱ्हाइकं होईपर्यंत वाटलं.

मग डोक्यात आलं... थंडी पडली की माणसं जवळ येतात, गोधडीत शिरतात, चिकटून बसतात. हे कण थंडीत लांब का जाऊन उभे राहतात? हात धरतात ते ठीक, पण हातभर अंतर ठेवून का? त्यांना कोणी सांगितलं? घरी आलो, ग्लासात बर्फ टाकला, काठोकाठ पाणी भरलं आणि म्हटलं, हा वितळला की पाणी सांडणार, म्हणून फडकं घेऊन बसलो. वितळला सगळा. एक थेंब सांडला नाही. बर्फ वर डोकं काढून होता ना? मग ते डोक्याचं पाणी कुठे गेलं? वहिनी म्हणाली, "भावोजी, फडकं घेऊन ग्लासासमोर काय बसलाय?" काय सांगू तिला?

आज सकाळी मालकांनी मला बाजूला घेतलं. रांगेतल्या कोणीतरी तक्रार केली होती, तुमचा माणूस पाव अडवून ठेवतो म्हणून. मालक म्हणाले, "नाही जमणार तुला पुढे. जा बाबा, मागे भट्टीकडे जा." हेच तर हवं होतं ना मला? मागची जागा, पीठ, कोणी बोलणार नाही, कोणी विचारणार नाही. आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, "राहू द्या मालक. पुन्हा असं होणार नाही. उभा राहतो मी इथेच." कारण शनिवारी सरांच्या मुलीचा वाढदिवस आहे हो. केकची ऑर्डर आलीय आपल्याकडे. सर स्वतः न्यायला येणार आहेत.